गोळी तोलायचा काटा : सतरा महिने वापरून

जाहिरातीत या काट्यावर हिऱ्याची अंगठी ठेवलेली दाखवतात. मी जळगावात सराफी पेढीवर २६ वर्षं काट्यापुढे बसतोय, म्हणून आधीच सांगतो : यावर सोनं तोलू नका. घरची अंगठी ठेवून हौस भागवा, पण धंद्याला हा चालायचा नाही. याच्यावर वैधमापनशास्त्रवाल्यांचा शिक्का नाही आणि बसणारही नाही. मी तो घेतला गोळी तोलायला. एस्सिटालोप्राम, नैराश्य-चिंतेवरची गोळी, नऊ वर्षं, रोज रात्री जेवणानंतर. ती सोडायची होती आणि सुटत नव्हती.

वस्तू अशी : तळहातावर मावेल एवढा डिजिटल काटा, वर प्लॅस्टिकचं झाकण, क्षमता ५० ग्रॅम, आकडा १ मिलिग्रॅमपर्यंत. सोबत २० ग्रॅमचं एक वजन, चिमटा आणि बाटलीच्या बुचाएवढं पारडं. रिमोटचे दोन सेल लागतात, ते आपले आपण आणायचे. मार्च २०२४ मध्ये १,३४९ रुपयांना पडला. पहिला आला तो झाकणाची बिजागरी तुटूनच. परत पाठवला, सहा दिवसांत दुसरा आला.

काट्याकडे येतोच. पण गोळी तोलायची वेळ का आली ते सांगितल्याशिवाय त्याचे गुणदोष कळायचे नाहीत.

२०१५ साली वडील गेले, त्याच वर्षी घराचे हप्ते थकले, आणि एका दुपारी दुकानात बसल्याबसल्या छातीत असं धडधडायला लागलं की शेठनी रिक्षात घालून मला थेट हृदयरोगवाल्याकडे पाठवलं. ईसीजी स्वच्छ निघाला. तिथून मानसोपचार. गोळीने मला उभं केलं, हे आधी लिहून ठेवतो, कारण औषध सोडण्याबद्दल कोणी लिहिलं की लोकांना वाटतं हा औषधाला शिव्या घालतोय. दोन महिन्यांत झोप लागायला लागली, भरीत-भाकरीची चव परत आली, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची ताकद आली. मग १० मि.ग्रॅ.ची २० झाली, आणि पुढे अजून किती वर्षं घ्यायची हे ना डॉक्टरांनी काढलं, ना मी विचारलं. दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं की भाऊ बीपीची गोळी घेतात.

सोडायचा प्रयत्न दोनदा करून झाला होता. २०१८ च्या श्रावणात, बरं वाटतंय की, म्हणून सरळ बंद केली. चौथ्या दिवशी डोक्यात करंट सुरू झाले. दुसरा शब्द नाही त्याला. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की कानामागे खर्र् असा झटका, ट्यूबलाइटचा स्टार्टर तडतडावा तसा. जिना उतरताना पायरी सरकल्यासारखी वाटे. घामाने उशी ओली. स्वप्नं इतकी ठळक की सकाळी उठून सौ.शी भांडलो, ती स्वप्नात काहीतरी बोलली होती म्हणून. दहाव्या दिवशी गोळी परत घेतली आणि दोन दिवसांत सगळं गायब. मी त्याचा अर्थ लावला की आजार आत तसाच आहे, आता जन्मभर गोळी.

२०२१ मध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवसाआड घ्या, हळूहळू सुटेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण या गोळीचा रक्तातला साठा साधारण ३० तासांत निम्म्यावर येतो. एक दिवसाआड म्हणजे झोपाळाच : गोळीच्या दिवशी वर, बिनगोळीच्या दिवशी खाली. तीन आठवडे झोके खाल्ले आणि पुन्हा रोज २० वर आलो.

२०२३ च्या शेवटी तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गप्प झालो : "तेव्हा आजार परत आला होता, की गोळी सुटल्याचा त्रास झाला होता?" मला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, आजार परतायचा तर बहुतेकदा आठवडे, महिने घेतो, चढत चढत येतो. हा दुसरा त्रास गोळी थांबवल्यावर काही दिवसांतच येतो, डोक्यातल्या करंटसारख्या आजारात कधी नव्हत्या अशा गोष्टी घेऊन येतो, आणि गोळी घेतली की चटकन पळतो. "तुमचे करंट दोन दिवसांत गेले ना? नैराश्य दोन दिवसांत जात नाही हो काका."

बाईंनी घाबरवलं नाही आणि फसवलंही नाही. म्हणाल्या, सगळ्यांनाच असं होत नाही. २०२४ मध्ये त्यांनी मला एका जर्मन गटाच्या आढाव्याचे आकडे दाखवले. औषध थांबवणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना काहीतरी त्रास झाला, पण नुसती खोटी, आत औषधच नसलेली गोळी थांबवणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनाही झालाच. खरोखर तीव्र त्रास तीनेक टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना काट्याची गरजच पडू नये. आणि दुसरी बाजूही सांगितली. २०२१ च्या ब्रिटिश अभ्यासात वर्षानुवर्षं औषध घेऊन बरे असलेले ४७८ लोक होते. औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात ३९ टक्क्यांचा आजार उलटला, थांबवलेल्यांत ५६ टक्क्यांचा. मी हिशेबाचा माणूस, लगेच उलटा आकडा काढला : थांबवूनही ४४ ठीक राहिले. मॅडम हसल्या. "दोन्ही आकडे खिशात ठेवा," म्हणाल्या.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक रेघ काढली, आणि माझ्या मते त्यांची सगळी फी त्या रेघेत वसूल झाली. लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा २०१९ चा लेख आहे, 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकातला. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, स्वतः १५ वर्षं असं औषध घेतलेले आणि कमी करताना होरपळलेले. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन परत उचलणाऱ्या ज्या जागा असतात, त्यातल्या किती जागा गोळी अडवते, याचा तो हिशेब. आपल्या गोळीची थोरली बहीण सिटालोप्राम, तिचे आकडे असे : ४० मि.ग्रॅ.ला सुमारे ८६ टक्के, २० ला ८०, ९ ला ७०. इथवर काय, पठार. मग ५.४ ला ६०, ३.४ ला ५०, २.३ ला ४०, १.५ ला ३०, ०.८ ला २०, आणि शेवटी ०.३७ मि.ग्रॅ.लासुद्धा १० टक्के.

कन्नडचा घाट ज्यांनी उतरलाय त्यांना ही रेघ लगेच कळेल. संभाजीनगरकडून येताना मैलोन्मैल सपाट, गाडी उतारावर आहे असं वाटतही नाही, आणि मग एकदम जमीन संपते आणि खाली चाळीसगाव दिसतं. ४० वरून २० वर येणं म्हणजे पठारावरचा प्रवास. खरा घाट ५ च्या खाली. आणि बाजारात मिळणारी माझी सगळ्यात लहान गोळी किती? ५ मि.ग्रॅ. घाट सुरू होतो तिथेच रस्ता संपवलेला.

म्हणून प्रत्येक वेळी आधीच्या डोसाच्या दहाव्या भागाइतकंच कमी करायचं, चार-पाच आठवडे थांबायचं, त्रास वाटला तर आणखी थांबायचं. मूळच्या २० चा दहावा भाग नव्हे, आत्ता जो डोस आहे त्याचा. वरचं पठार मात्र मोठ्या पायऱ्यांनी : २० वरून १५, १५ वरून १० मी गोळ्या आणि अर्ध्या गोळ्यांवर आलो. त्यासाठी गोळी कापायची डबी घेतली, १३० रुपयांची, आत ब्लेड बसवलेली. तिचं परीक्षण एका वाक्यात : अर्ध्यासाठी बरी, चौथाईसाठी भुगा. पेढीवरच्या काट्यावर एक दिवस तिने केलेली दोन 'अर्धुकं' ठेवली, तर एक ५८ मिलिग्रॅम, दुसरं ६६. सोनाराने असे दोन सारखे भाग केले असते तर भावाभावांत कोर्टकचेरी झाली असती.

पेढीवरचा काटा म्हटलं, तिथेच सगळं रामायण झालं. १० च्या खाली जायचं म्हटल्यावर मला दुकानातला काटा दिसला. मिलिग्रॅम दाखवतो, काचेच्या पेटीत बसवलेला, दरवर्षी शिक्का मारून घेतलेला. दुकान बंद करताना शटर अर्धं खाली आलं की मी गोळी काढायचो, ब्लेडने कडा खरवडायचो, तोलायचो, पुन्हा खरवडायचो. उरलेला तुकडा एका पुडीत, खरवडलेली पूड दुसऱ्या पुडीत. अख्खी गोळी भरली ०.१२७ ग्रॅम. जुन्या हिशेबात तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची. माझी गोळी गुंजेला जराशी जड. २० मि.ग्रॅ.च्या दिवसांत मी रोज दोन गुंजा भार गिळत होतो आणि त्यात औषध म्हणून मोजायचं ते फक्त २० मिलिग्रॅम. बाकी भराव आणि वरचा लेप.

चौथ्या दिवशी शेठनी आत बोलावलं. समोर मोबाईलवर कॅमेऱ्याचं चित्रण लावलेलं. त्यात मी : मान खाली, हातात ब्लेड, काट्याशेजारी काहीतरी बारीक खरवडतोय, पुडीत भरतोय, पुडी खिशात. २६ वर्षांत माझ्या काट्यावर गुंजेची तूट आलेली नाही, आणि हे चित्र. शेठ एवढंच म्हणाले, "भाऊ, हे काय आहे ते तुम्हीच सांगा."

मी पुडी काढून टेबलावर उघडली. आत पांढरी पूड. ती बघून शेठचा चेहरा आणखीच उतरला. सोन्याची चोरी परवडली, असं त्यांच्या मनात आलं असणार.

मग पाकीट काढलं, मॅडमची चिठ्ठी काढली, मागची रेघही दाखवली. नऊ वर्षांची बीपीची गोळी दोन मिनिटांत उघडी पडली. शेठ बराच वेळ चिठ्ठीकडे बघत बसले. "आमच्या घरात पण आहे ही," म्हणाले, कोणाची ते नाही बोलले. दारापर्यंत गेल्यावर मागून हाक मारली : "भाऊ, पण काटा स्वतःचा घ्या. उद्या त्यावर कुणाचं मंगळसूत्र तोलायचं, त्याला औषधाची पूड नको." बरोबरच होतं त्यांचं.

तर हा काटा असा आला. आता त्याचं खरं-खोटं.

अचूकपणा. सोबतचं २० ग्रॅमचं वजन ठीक आहे, पण एका वजनावर काटा जुळवला म्हणजे खालचे आकडे जुळले असं नसतं. मी शेठची परवानगी काढून दुकानातली मिलिग्रॅमची पत्र्याची वजनं एका रविवारी घरी नेली. १०० मिलिग्रॅमला काटा पाच वेळांत ०.०९९ ते ०.१०१ मध्ये राहिला. ५० ला ०.०४८ ते ०.०५१. २० ला एकदा ०.०१७, एकदा ०.०२२. १० ला तर त्याने एकदा शून्यच दाखवलं. म्हणजे दोन-तीन मिलिग्रॅमचा हेलकावा कायम धरून चाला. १०० मध्ये तो हेलकावा नगण्य. १५ मध्ये तो पाचवा भाग.

शून्य दाखवण्यामागे खोडी आहे, ती समजून घ्या, माहितीपत्रकात लिहिलेली नाही. हे स्वस्त काटे शून्याच्या आसपास असले की स्वतःला सतत शून्यावर ओढत राहतात. तुम्ही चिमूट चिमूट पूड टाकत गेलात तर काट्याला वाटतं हा वारा आहे, आणि तो ती पूड गिळून टाकतो. उपाय सोपा. पारडं ठेवून शून्याचं बटण दाबू नका. पारड्याचं वजन दिसू द्या, समजा २.३१४, मग तुकडा ठेवा आणि वजाबाकी करा. काटा शून्यापासून लांब राहिला की प्रामाणिक होतो. हे मला आमच्या बंगाली कारागिराने सांगितलं, तो कुंदनकामात असं करतो.

वारा. झाकण असूनही पंखा चालू असला की आकडा नाचतो. हिवाळ्यात काय, पंखा बंद. पण जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. खोलीचं दार लावून, पंखा बंद, कूलर बंद, मी पलंगाच्या कडेला बसून १ मिलिग्रॅम खरवडतोय आणि नाकावरून घामाचा थेंब पारड्यात. एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅम. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही तोला, मी गच्चीवर आहे." दुसऱ्या वर्षी शहाणा झालो : आठवड्याच्या गोळ्या रविवारी पहाटे पाचला एकदाच तोलून सात कप्प्यांच्या डबीत भरायच्या. मोबाईलही लांब ठेवा, शेजारी वाजला की आकडा थरथरतो.

बंद पडणं. हात लावला नाही तर मिनिटभरात काटा झोपतो. तुम्ही ब्लेड घेऊन गोळी खरवडत असता तेव्हा नेमका. याचा मला सगळ्यात जास्त वैताग आला. सेल उतरले की आधी आकडा भरकटतो आणि मग खूण दिसते; दोन महिन्यांनी सेल बदलाच.

हिशेब. दहा गोळ्या एकत्र तोला आणि दहाने भागा. माझ्या दहा भरल्या १.२६८ ग्रॅम, म्हणजे एक १२७ धरा. ९ मि.ग्रॅ. हवेत तर ११४ चा तुकडा, ८ हवेत तर १०२ चा. पण नवं पाकीट आणलं की पुन्हा तोलायचं. एकदा औषधवाल्याने नेहमीच्या कंपनीची नाही म्हणून दुसरी दिली, तीही १० चीच, आणि दहा गोळ्या भरल्या १.५२ ग्रॅम! जुन्या हिशेबाने खरवडली असती तर एका रात्रीत डोस सहाव्या भागाने खाली गेला असता आणि मी महिनाभर ग्रहांना दोष देत बसलो असतो. तेव्हापासून एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच बॅचच्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतो.

आता माझी चूक, कारण काट्याला तिचा दोष देता येत नाही. सप्टेंबर २०२४, मी ५.३ वर होतो. अंगात काही त्रास नाही, मॅडमची पुढची भेट लांब, आणि ४ हा आकडा मला फार सुबक वाटला. ५.३ वरून एकदम ४. सहाव्या दिवशी करंट, आठव्या दिवशी रडू. नवरात्र चालू, पेढीवर गर्दी, आणि एक बाई मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला घेऊन आली. रोज दोन-चार मोडी येतात, मी तोलतो, भाव सांगतो, पुढचं गिऱ्हाईक. त्या दिवशी वाट्या काट्यावर ठेवल्या आणि मला हुंदका आवरेना. बाईच मला म्हणाली, "दादा, नवीन घडवायलाच मोडतेय हो!" त्या रात्री दोन वाजले तरी झोप नाही, मनात नको ते विचार, तेव्हा सौ.ने १४४१६ लावला. टेली-मानसचा सरकारी नंबर, चोवीस तास चालतो. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही, सकाळी डॉक्टरांना गाठा म्हणाल्या. मॅडमनी ४.८ वर परत आणलं. आठवड्यात स्थिर झालो. मग तुळशीच्या लग्नापर्यंत काट्याला हात लावायचा नाही असं ठरलं. धनत्रयोदशीच्या गर्दीत सराफाने डोस कमी करू नये, हे कुठल्या लेखात सापडणार नाही.

त्यानंतर ४.४, ४, ३.६, ३.२, २.९. मे २०२५ ला थांबलो, उन्हामुळे. जूनपासून पुन्हा. प्रत्येक पायरीला चौथ्या-पाचव्या दिवशी थोडं खर्र् होतं, चिडचिड होते, घरातले मला 'पायरीवर आहेत' म्हणतात आणि दोन दिवस कर्जाचा विषय काढत नाहीत. आठ-दहा दिवसांत निवळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये २ मि.ग्रॅ.च्या जवळ आलो आणि काट्याची हद्द संपली. २ मि.ग्रॅ. म्हणजे २५ मिलिग्रॅमचा तुकडा, त्यात दोन-तीनचा हेलकावा. रोज डोस दहा टक्के इकडे-तिकडे होणार असेल तर दहा टक्क्यांची पायरी उतरतोय असं म्हणण्यात अर्थ नाही. मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी पाण्यावर आणलं : ५ मि.ग्रॅ.ची एक गोळी ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, नीट हलवून, खाली बसायच्या आत बिनसुईच्या सिरिंजने हवं तेवढं ओढायचं. १ मिलिलिटर म्हणजे ०.१ मि.ग्रॅ. उरलेलं फेकायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. तयार पातळ औषध आमच्या भागात मिळालं नाही. सिरिंज दहा-बारा रुपयांची. १,३४९ च्या काट्यापेक्षा शेवटचा घाट तीच नीट उतरवतेय, हे लिहिताना सराफ म्हणून जरा लागतं.

नेदरलँड्समध्ये यासाठी तयार पट्ट्या मिळतात, हे मॅडमकडूनच कळलं. २८ दिवसांची गुंडाळी, रोजची एक पुडी, प्रत्येक पुडीत आदल्यापेक्षा किंचित कमी औषध, पुडीवर तारीख-डोस छापलेला. पीटर ग्रूट आणि जिम फान ओस या तिथल्या संशोधकांच्या खटपटीतून आलेली गोष्ट. तशी पट्टी इथे मिळाली असती तर हे परीक्षण लिहिलं नसतं आणि शेठपुढे ती पांढरी पुडीही उघडावी लागली नसती.

कोणी घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांच्या पाकिटावर सी.आर., एक्स.आर. किंवा ई.आर. लिहिलंय त्यांनी ब्लेडला हात लावू नये. त्या गोळ्या हळूहळू सुटायला घडवलेल्या असतात, खरवडल्या की सगळं एकदम सुटतं. नावापुढे 'प्लस' असेल तर आत बहुधा दुसरं औषधही आहे. माझ्या २०१५ च्या पाकिटात एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम हे चिंता शांत करणारं औषध होतं आणि मला चार वर्षं पत्ता नव्हता. तुकडा केला की दोन्ही कमी होतात, आणि क्लोनाझेपाम सोडणं हा वेगळा घाट आहे. मॅडमनी ते आधी वेगळं काढलं, मग या गोळीला हात घातला. हात थरथरणाऱ्यांनी, चष्मा दोन वर्षं न बदललेल्यांनीही घेऊ नये. आणि काटा आलाय म्हणून डॉक्टर नको, असा ज्यांचा विचार आहे त्यांच्यासाठी माझं नवरात्र वर लिहिलेलंच आहे.

साडेतीन तारे. अर्धा कापला तो मिनिटभरात झोपण्याबद्दल, एक शून्याकडची खोडी माहितीपत्रकात लपवण्याबद्दल. १० पासून २ पर्यंत त्याने मला व्यवस्थित आणलं.

आज जानेवारी २०२६, मी १.३ वर आहे, १३ मिलिलिटर. काटा कपाटात होता, तो परवा सौ.ने काढला आणि केशराची डबी तोलली. डबीवर १ ग्रॅम छापलंय, आत भरलं ०.९३१. पिशवी घेऊन ती दुकानदाराकडे निघालीय, आणि मी मागून ओरडतोय, अगं थांब, पंखा चालू होता.